इलेक्ट्रॉनिक संगीत करायला शिकायचंय, किती दिवस लागतील?

तबल्याच्या क्लासला जाणारा मुलगा पहिल्याच दिवशी गुरुजींना 'किती दिवसांत येईल?' असं विचारत नाही. वर्षं लागणार हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक असतं. लॅपटॉपवर संगीत करायचं म्हटलं की मात्र हिशेब महिन्यांत सुरू होतो. सॉफ्टवेअर शिकायला खरोखरच महिने पुरतात आणि सॉफ्टवेअर आलं की संगीत आलं असं वाटतं, म्हणून हा घोळ होतो.

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता मी सरळ आकडा सांगतो. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्याला आठ-दहा तास देणार असाल, तर सॉफ्टवेअरवर हात बसायला तीन महिने लागतील. पहिला पूर्ण ट्रॅक, मग तो कसाही असो, सहा महिन्यांच्या आत व्हायला हवा. आणि चांगल्या ट्रॅकच्या पाठोपाठ आपला लावला तरी ऐकणाऱ्याला खड्ड्यात गेल्यासारखं वाटू नये, इथपर्यंत पोहोचायला तीन वर्षं धरा, म्हणजे साधारण दीड हजार तास. हा आकडा माझ्या आणि माझ्यासोबत शिकलेल्यांच्या अनुभवावरचा आहे. कोणाचं वर्षभर आधी होतं, कोणाचं वर्षभर नंतर. आधी तबला, हार्मोनियम किंवा गाणं शिकलेल्यांचे सुरुवातीचे सहा महिने सहज वाचतात.

गाण्याच्या घरांत 'कान तयार होणं' म्हणतात. ही तीन वर्षं बहुतेक त्यातच जातात. किक (ड्रमचा जाड, खालचा ठोका) आणि बेस (खालच्या सुरांची ओळ) एकमेकांच्या अंगावर चढतायत हे पहिल्या वर्षी ऐकूच येत नाही, आणि ऐकू येत नाही तोवर कुठलंही बटण फिरवून उपयोग नसतो. म्हणून पुढच्या टप्प्यांत बटणांपेक्षा कानाबद्दल जास्त लिहिलंय.

सामान

यावर फार वेळ घालवू नका. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो, सोळा असेल तर निवांत. एक बरा बंद कानांचा हेडफोन घ्या, पण ब्लूटूथ नको, वायरचाच. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे पट्टी दाबली आणि सूर मागून आला असं होत राहतं.

सॉफ्टवेअरमध्ये एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, रीपर, आणि मॅक असेल तर गॅरेजबँड यांपैकी कुठलंही एक. गॅरेजबँड मॅकवर फुकट आहे. रीपर साठ दिवस वापरून बघता येतो आणि घरगुती वापराचं लायसन्स साठ डॉलरला मिळतं. एफएलची चाचणी आवृत्ती सगळी साधनं देते, पण त्यात सेव्ह केलेली फाइल विकत घेतल्याशिवाय पुन्हा नीट उघडत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. लाइव्हची छोटी आवृत्ती लॅपटॉपला जोडायच्या बऱ्याच मिडी कीबोर्डसोबत मोफत येते. कुठल्या सॉफ्टवेअरचा आवाज चांगला यावर मुलं तासन्‌तास वाद घालतात, पण त्यात तथ्य नाही. तुमच्या ओळखीतल्या ज्याला अडलं की रात्री दहाला फोन करता येईल, तो जे वापरतो ते घ्या, आणि दोन वर्षं बदलू नका.

विंडोजवर आवाज मागे पडत असेल तर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा छोटा प्रोग्रॅम) टाका आणि बफर, म्हणजे एका वेळी पुढे सोडला जाणारा आवाजाचा तुकडा, २५६ वर ठेवा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) २५६ म्हणजे जेमतेम सहा मिलिसेकंद. तेवढा उशीर बोटांना कळत नाही.

पहिला महिना: सोळा घरं

ड्रम मशीनच्या खिडकीत एका ओळीत सोळा चौकोन दिसतात. हा एक बार, म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन. हे बघून घाबरलेल्या एका मुलीला मी त्रिताल मोजायला लावला. सोळा मात्रा, चार विभाग. विभागांच्या पहिल्या मात्रा १, ५, ९ आणि १३. हाउस किंवा टेक्नो या नाचाच्या संगीतप्रकारांतली किक नेमकी या चार घरांत पडते. टाळी दाखवताना आपण पहिली, पाचवी आणि तेरावी धरतो, नववीला खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला. हाउसमधला क्लॅप (टाळीसारखा आवाज) पाचव्या आणि तेराव्या घरात असतो, म्हणजे आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टाळीच्या जागी. उघडा हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) ३, ७, ११ आणि १५ वर. तिच्या हाताला ते आधीच ठाऊक होतं, फक्त पडद्यावर ओळखायचं बाकी होतं. पाच मिनिटांत तिचा पहिला ठेका वाजत होता.

वेगही ठरवून घ्या. हाउस साधारण १२० ते १२८ बीपीएम (मिनिटाला इतके ठोके), गोव्याच्या किनाऱ्यावरून जगभर गेलेला ट्रान्स १४० ते १५०, ड्रम अँड बेस १७० च्या वर. पहिल्या महिन्यात एकच प्रकार धरा. मी १२४ ची शिफारस करतो, कारण घाई न होता चूक कळते.

या महिन्यात स्वतःचं काही सुचायला हवं असा हट्ट धरू नका. आवडता ट्रॅक घ्या, त्याचा फक्त ठेका ऐका आणि तसाच्या तसा बसवा. रोज एक. हाय-हॅट सगळे सारख्या जोरात ठेवले तर शिवणयंत्रासारखं ऐकू येतं. एक आड एक हळू केले की ठेका चालायला लागतो. हा फरक स्वतःच्या हाताने करून बघितला की महिना सत्कारणी लागला.

दुसरा ते सहावा महिना: एकच सिंथ

सिंथ म्हणजे आवाज मुळापासून घडवणारं साधन. व्हायटल किंवा सर्ज एक्सटी घ्या. दोन्ही मोफत मिळतात आणि दोन्ही व्यावसायिक दर्जाचे आहेत. त्यातला एकच उघडा, दुसऱ्याकडे सहा महिने बघू नका.

सिंथमध्ये समजून घ्यायच्या गोष्टी चारच. ऑसिलेटर कच्चा आवाज देतो. फिल्टर त्यातलं काही कापतो. एन्व्हलप ठरवतो की आवाज किती पटकन येईल, किती वेळ टिकेल आणि किती हळू जाईल. एलएफओ एखादं बटण आपोआप हलवत राहतो. तयार प्रीसेट बंद करून रोज पंधरा मिनिटं कोऱ्या आवाजापासून सुरू करा आणि एक ठरलेला आवाज काढा. आज तंबोऱ्यासारखा गुंजणारा, उद्या टिचकी मारल्यासारखा, परवा सायरनसारखा वर चढणारा.

हा रियाज कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तो सोडतात. पण सहा महिन्यांनी कुठलाही ट्रॅक ऐकताना 'हा करवती लहरीचा आवाज आहे, फिल्टर हळूहळू उघडतोय' असं मनात आपोआप उमटायला लागतं. कान तयार होत असल्याची ती पहिली खूण.

आठ बारचा सापळा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. आठ बारचं लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) झकास जमतं, रात्री दोन वाजता ते चाळीस वेळा ऐकून होतं, आणि सकाळी नवं लूप सुरू होतं. वर्षभराने फोल्डरमध्ये नव्वद लूप असतात, ट्रॅक एकही नाही. लूप करण्याचं आणि ट्रॅक पूर्ण करण्याचं कौशल्य वेगळं आहे. दुसरं फक्त ट्रॅक पूर्ण करूनच येतं.

यावरचा उपाय मला गणितात सापडला. १२४ बीपीएमला ३२ बार म्हणजे १२८ ठोके, म्हणजे जवळपास ६२ सेकंद. म्हणजे सहा मिनिटांचा ट्रॅक असे ३२ बारांचे सहा तुकडे जोडून होतो. आवडता ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाका, वेग जुळवा आणि दर आठ बारांना थांबून लिहा: इथे काय आलं, इथे काय गेलं. बरेचदा असं दिसेल की पहिल्या ३२ बारांत फक्त किक आणि हाय-हॅट आहेत, कारण डीजेला मागचा ट्रॅक मिसळायला जागा लागते. मग बेस येतो. मधे कुठेतरी किक निघून जाते आणि ती परत येते तेव्हा अंगावर काटा येतो. हा नकाशा कोऱ्या फाइलवर उतरवा आणि आपलं लूप त्यात पसरा. नकाशाची नक्कल केली म्हणून चोरी होत नाही. बंदिशीचा आराखडा सगळे तोच वापरतात.

महिन्याला एक ट्रॅक, शेवटच्या रविवारी संध्याकाळी बंद. चांगला झाला नाही तरी बंद. फाइलच्या नावात तारीख घाला आणि पुढच्या महिन्यात त्याला हात लावू नका. पहिल्या वर्षात सहा-सात पूर्ण ट्रॅक झाले तर गाडी रुळावर आहे असं समजा. लोक वर्षं मोजतात, मी त्यांना पूर्ण झालेल्या ट्रॅकची संख्या विचारतो. पंचविसाव्या-तिसाव्या ट्रॅकच्या आसपास हात वळताना मी बऱ्याच जणांचा पाहिलाय, मग त्याला दोन वर्षं लागोत की चार.

दुसरं वर्ष: किक, बेस आणि दहा बाय दहाची खोली

हा भाग सावकाश वाचा.

हाउस-टेक्नोतल्या किकचा मूळ सूर बहुधा ४५ ते ६० हर्ट्झमध्ये (सेकंदाला इतकी कंपनं) असतो. बेसलाइनने खालचा ए हा सूर धरला तर तो ५५ हर्ट्झ. म्हणजे दोन जाडजूड माणसं एकाच दारातून एकदम शिरायला बघतायत. त्यांना आळीपाळीने सोडावं लागतं. पहिला उपाय निवडीचा: किक खोल असेल तर बेस जरा वरचा घ्या, किंवा उलट. दुसरा लांबीचा: किकची शेपूट कापा. एवढ्यानेच बहुतेक वेळा भागतं. तिसरा साइडचेन: किक पडली की बेस आपोआप दबतो आणि परत वर येतो. १२४ ला एक ठोका ४८४ मिलिसेकंदांचा, त्याचा अर्धा २४२. बेस साधारण २०० मिलिसेकंदांत पूर्ण वर आला, तर दोन किकच्या मधली जागा भरलेली राहते आणि तो पंपासारखा धापा टाकत नाही. आकडा लावून सोडू नका. आधी १०० करून ऐका, मग ३५० करून ऐका, मग मधे या.

आता खोली. माझ्या दुसऱ्या वर्षात मी एका ट्रॅकवर तीन आठवडे घालवले. टेबल खोलीच्या मधोमध होतं, लहान स्पीकर समोर. बेस काही केल्या भरत नव्हता, म्हणून मी तो वाढवत गेलो. शेवटी समाधान झालं आणि ट्रॅक मित्राच्या गाडीत लावला. पहिल्या बेसच्या सुराला डॅशबोर्ड घरघरायला लागला आणि बाकी काहीच ऐकू येईना. मित्राने काही न बोलता आवाज कमी केला. त्या रात्री मी चूक ट्रॅकमध्ये शोधत बसलो, पण चूक खोलीत होती.

खोली दहा बाय दहाची, म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिली उभी लहर (भिंतींमध्ये अडकून जागीच थरथरणारी) तयार होते ती ३४३ भागिले ६.१, म्हणजे ५६ हर्ट्झच्या आसपास. नेमकी किक आणि बेसची जागा. त्यातून खोली चौरस, म्हणून लांबीत आणि रुंदीत तोच आकडा दोनदा. या लहरीचा दाब भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि खोलीच्या मध्यावर सगळ्यात कमी असतो. मी नेमका मध्यावर बसलो होतो. तिथे ५६ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नव्हता, म्हणून मी तो वाढवत होतो.

स्वतःच्या खोलीत हे पाच मिनिटांत तपासता येतं. सिंथमधून ५६ हर्ट्झचा सपाट सूर हळू आवाजात लावा आणि खोलीत फिरा. खुर्चीत बारीक, कोपऱ्यात घुमणारा, असा फरक कळला की तुमच्या खुर्चीवर बेसबद्दल किती विश्वास ठेवायचा ते समजलं. खोली लहान-मोठी असेल तर मीटरमधली लांबी दुप्पट करा आणि ३४३ ला तिने भागा, म्हणजे तुमचा आकडा मिळेल. टेबल मध्यावरून हलवा. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर डोकं येईल असं बसून बघा, दहा फुटांत ते चार फुटांच्या जरा आत येतं. भिंतींवर पातळ फोम चिकटवण्याचा खर्च करू नका. ५६ हर्ट्झची लहर सहा मीटर लांब असते, तिला दोन इंची फोम दिसतही नाही. त्याने फक्त वरचे आवाज मरतात आणि खोली आणखी गुदमरते. कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड ठोकळे ठेवले तर फरक पडतो. तेही शक्य नसेल तर बेसचे निर्णय हेडफोनवर घ्या आणि दर वेळी गाडीत, फोनवर, घरच्या टीव्हीवर ऐका.

मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्याच्या, आणखी दोन सवयी. आवाज हळू ठेवा, इतका की शेजारी बसलेल्याशी बोलता यावं. मोठ्याने ऐकलं की कानाला सगळंच चांगलं वाटतं. आणि तुलनेसाठी दुसऱ्याचा ट्रॅक लावाल तेव्हा त्याचा आवाज कमी करून आपल्याएवढा करा. तो मास्टर झालेला (प्रसिद्धीआधी शेवटचा हात फिरवून मोठा केलेला) असल्यामुळे मुळात मोठा असतो, आणि नुसत्या त्या कारणाने आपला ट्रॅक किरकोळ वाटून लोक खचतात. सगळे आवाज जिथे एकत्र होतात त्या मास्टर चॅनेलवर शिखर उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. मास्टरिंगचा विचार या वर्षी करायचा नाही.

कानांची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशापथकात किंवा स्पीकरच्या भिंतीजवळ उभे राहणार असाल तर कानात इअरप्लग घाला आणि दुसऱ्या दिवशी मिक्सिंग करू नका. कानात शीऽऽ असा आवाज येत असेल तेव्हा घेतलेला प्रत्येक निर्णय चुकतो. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

वेळ कुठे वाया जातो

प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायची जादा साधनं) गोळा करण्यात. शिकवणीचे व्हिडिओ एकापाठोपाठ एक बघण्यात. वीस मिनिटांचा व्हिडिओ बघितला तर चाळीस मिनिटं तेच करून बघायचं, हा नियम ठेवा. नाहीतर सगळं कळलंय असं वाटतं आणि कोऱ्या फाइलसमोर हात हलत नाही. पैसे भरून आठ आठवड्यांत 'प्रोड्युसर' करणाऱ्या एका कोर्सला मीही गेलो होतो. तिथे मला सॉफ्टवेअरच्या खिडक्यांची नावं कळली. कोर्स वाईट असतोच असं नाही, पण पैसे भरण्याआधी एकच विचारा: माझे ट्रॅक कोणी ऐकून त्यावर बोलणार आहे का? उत्तर 'हो' असेल तरच पैसे द्या.

आणि रविवारी दहा तास बसण्यापेक्षा रोज तासभर बसा. कान एका बैठकीत दीड-दोन तासांनंतर थकतो. उरलेले आठ तास तुम्ही आधी बरोबर केलेलं बिघडवण्यात घालवता.

तिसरं वर्ष: आपला आवाज

१९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं, ज्युपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन, एकत्र जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्या वेळी त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच ३०३ च्या पिळवटून निघणाऱ्या आवाजावर अ‍ॅसिड हाउस उभं राहिलं, आणि २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा प्रकाशित झाल्यावर जग चकित झालं. यंत्रं त्यांच्यासाठी नवी होती, पण त्याआधी कितीतरी वर्षं ते हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवत होते. त्यांचा कान आधीच तयार होता.

म्हणून तिसऱ्या वर्षी तुमच्या कानात लहानपणापासून काय साठलंय ते बाहेर काढा. फोनवर ध्वनिमुद्रण करा: गोंधळ्यांचं संबळ, हलगीची कडकड, लोकलच्या रुळांचा सांधा, जात्याची घरघर. हलगीचा एक ठोका घ्या, दोन सप्तकं खाली ओढा, शेपूट कापा, आणि क्लॅपखाली हलक्या आवाजात ठेवा. जगातल्या कुठल्याही सॅम्पल पॅकमध्ये (तयार आवाजांच्या संचात) तो आवाज मिळणार नाही. वाजवणाऱ्या कलाकाराला विचारून मुद्रण करा, आणि मानधन द्या.

जुन्या चित्रपटगीताचा तुकडा उचलण्याचा मोह इथेच होतो. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर साठ वर्षं हक्क असतो, आणि चाल व शब्द यांचा हक्क वेगळा, तो आणखी जास्त टिकतो. म्हणजे परवानग्या दोन. सरावासाठी घरात काहीही कापा, पण प्रसिद्ध करायचं असेल तर त्या तुकड्याच्या जागी एखाद्या गाणाऱ्या मैत्रिणीकडून वेगळ्या चालीत, वेगळ्या शब्दांत काहीतरी गाऊन घ्या. तेही शिक्षणच आहे.

आणि ट्रॅक दाखवायला सुरुवात करा. 'कसा वाटला?' असं विचारलं की सगळे 'भारी' म्हणतात आणि काहीच कळत नाही. त्याऐवजी ऐकणाऱ्याच्या हातात कागद द्या आणि लक्ष उडालं की घड्याळात बघून मिनिट-सेकंद लिहायला सांगा. तीन जणांना वेगवेगळं ऐकवा. तिघांच्याही कागदावर २:१० च्या आसपास काही लिहिलेलं असेल, तर फाइल उघडून थेट २:०० वर जा आणि तिथे किक काढून टाका.